मराठी वाचकाने किंडल पेपरव्हाइट घ्यावं का? बडोद्याहून परीक्षण

आधी निकाल सांगतो. यंत्र म्हणून किंडल पेपरव्हाइटला, म्हणजे अमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राला, दहापैकी आठ. मराठी पुस्तकं विकत घेण्याची सोय म्हणून दहापैकी चार, तेही जरा हात सैल सोडून. दोन्ही गुण एकाच खोक्यातल्या वस्तूचे आहेत. ते वेगवेगळे मोजले नाहीत तर पैसे टाकून पस्तावायची पाळी येते.

बडोद्यात हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. दांडिया बाजार, रावपुरा भागात मराठी घरांना तोटा नाही, मराठी वाङ्मय परिषद आहे, विद्यापीठात मराठी विभाग आहे, २०१८ साली ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच भरलं. पण नवं मराठी पुस्तक हवं झालं की पुण्या-मुंबईहून मागवा, टपालखर्च भरा आणि वाट बघा. अशा वेळी मिनिटभरात हातात येणाऱ्या ई-पुस्तकाचा मोह पडणारच. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात.

यंत्राबद्दल फार लिहायला नको. बाराव्या पिढीचं पेपरव्हाइट एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा किंमत होती १६,९९९ रुपये. सात इंची पडदा, इंचाला ३०० ठिपके, १६ जीबी जागा, वजन २११ ग्रॅम, पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चिंता नाही. देवनागरीसाठी ३०० ठिपके ही चैन नव्हे. कमी ठिपक्यांच्या जुन्या पडद्यांवर ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच दिसायचे, रफार शिरोरेषेत बुडायचा आणि उकार खालच्या ओळीला टेकायचा. इथे ‘राष्ट्र्य’सारखा अक्षरांचा गुंता केला तरी प्रत्येक काना-मात्रा सुटी दिसते. चार्जिंगची वायर यूएसबी-सी, अडॅप्टर घरचा वापरायचा. यंत्राचं एवढं पुरे.

आता दुकान. किंडलच्या अटींमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे की मजकूर विकला जात नाही, तो वाचण्याचा परवाना दिला जातो आणि हा परवाना दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाही. ही अट अमलात आणायचं काम फाईलवरचं डिजिटल कुलूप करतं, ज्याला डीआरएम म्हणतात. पुस्तक तुमच्या खात्याला आणि त्या खात्यावर नोंदवलेल्या यंत्रांना बांधलेलं असतं. प्रकाशकाने वेगळं ठरवलं नसेल तर साधारण सहा यंत्रांवर ते एका वेळी उघडतं. पूर्वी विकत घेतलेल्या पुस्तकाची फाईल संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात चढवता येत असे. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ती सोय बंद झाली. त्यामुळे कुलूपबंद पुस्तकाची एक प्रत आपल्या कपाटात, म्हणजे आपल्या हार्ड डिस्कवर, ठेवण्याचा दुकानाने दिलेला रस्ता उरला नाही.

हे सगळं कागदोपत्री वाटत असेल तर दोन घटना लक्षात ठेवाव्यात. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत विकली गेलेली काही ई-पुस्तकं, विकणाऱ्याकडे मुळात हक्कच नव्हते असं कळल्यावर, लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली गेली. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर काढलेली टिपणं कुचकामी झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. दुसरी घटना मायक्रोसॉफ्टची. त्यांनी २०१९ साली ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं, तेव्हा ग्राहकांना पैसे परत दिले आणि पुस्तकं उघडेनाशी झाली. दोन्ही वेळा पैसे मिळाले हे खरं, पण घरात घेतलेलं पुस्तक दुकानदार येऊन उचलून नेऊ शकतो हेही त्याच वेळी सिद्ध झालं.

घरात याचा त्रास कुठे होतो? आईने वाचलेली कादंबरी मावशीकडे जात नाही. भारतात किंडलवर पुस्तक उसनं द्यायची सोय नाही. एकाच खात्यावर घरातली सगळी यंत्रं नोंदवली तर घरापुरतं भागतं, पण मग आजोबांच्या यंत्रावर नातवाची परीक्षेची पुस्तकं आणि नातवाच्या यंत्रावर आजोबांचे अभंग दिसत राहतात. वारसाहक्काचं तर नावच नको. खातं ज्याच्या नावावर त्याच्याबरोबर परवाना संपतो. आणि ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून आणून ग्रंथालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव फिरवल्या, त्या शहरातलं ग्रंथालय किंडलवर घेतलेलं पुस्तक सभासदाला घरी देऊ शकत नाही, कारण परवाना व्यक्तिगत वापराचा असतो. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली छापील प्रत शंभर हातांतून गेली तरी प्रकाशकाला विचारावं लागत नाही.

कराचंही तसंच. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकाला कर खातं सेवा समजतं. त्याची छापील आवृत्ती असेल तर २०१८ पासून ५ टक्के, नसेल तर १८. रक्कम किरकोळ आहे, पण कमी हक्क देणाऱ्या वस्तूवर जास्त कर हा हिशेब आम्हाला काही पटत नाही.

तरीही दुकानातून घ्यायचंच असेल तर पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या. पहिली, पुस्तकाच्या पानावरचा तपशील. तिथे ‘एकाच वेळी किती यंत्रांवर’ या रकान्यात ‘अनलिमिटेड’ लिहिलं असेल तर बहुधा प्रकाशकाने कुलूप लावलेलं नाही. कुलूप लावायचं की नाही हे प्रकाशक किंवा लेखक ठरवतो, दुकान नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसतं. आवडत्या प्रकाशकाला एक मेल लिहून विचारायला हरकत नाही. दुसरी गोष्ट, फुकट नमुना आधी यंत्रावर उतरवा आणि अक्षराचा आकार दोन पायऱ्या मोठा करा. अक्षर मोठं न होता पान सरकायला लागलं तर ती पानांची छायाचित्रं आहेत, पुस्तक नव्हे. तसंच ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधा. तिथे ‘दुसर्या’ किंवा ‘वार्यावर’ दिसलं तर मजकूर यंत्राने ओळखून घेतलेला आहे आणि मुद्रितशोधन झालेलं नाही असं खुशाल समजा. कुलूपबंद फाईलमधली असली चूक वाचकाला स्वतः दुरुस्तही करता येत नाही.

मराठीतली दुसरी ई-दुकानं या बाबतीत फारशी वेगळी नाहीत. बहुतेकांचं पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं, म्हणजे ते किंडलवर येत नाही आणि किंडलवरचं तिकडे जात नाही. तीन दुकानांतून घेतलं की तीन ॲप, तीन पासवर्ड, आणि कुठलं पुस्तक कुठे घेतलं होतं ते आठवत बसायचं. गूगल प्ले बुक्सवर निदान कुलूप नसलेली पुस्तकं ईपब किंवा पीडीएफ म्हणून सरळ उतरवता येतात.

आता ज्यासाठी हे यंत्र खरोखर घ्यावं ती बाजू. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून, कॉपीराइट टिकतो. त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं. बडोद्याच्या वाचकाला इथे घरचंच ताट वाढलेलं आहे. बडोदा कॉलेजात पाली शिकवणारे आणि पुढे संस्थानचं दप्तर सांभाळणारे चिं. वि. जोशी नोव्हेंबर १९६३ मध्ये गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०२४ पासून मुक्त आहे. सयाजीरावांच्या नोकरीत उमेदीचा काळ घालवलेले रियासतकार सरदेसाई १९५९ साली गेले, त्यांचं लेखन २०२० पासून. बडोद्यात जन्मलेले माधव जूलियन त्याच्याही कितीतरी आधीपासून. सावधगिरी एवढीच की मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात, आणि नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचे हक्क वेगळे असू शकतात. मुक्त झालेलं पुस्तक कुणी कुलूप लावून पन्नास रुपयांना विकलं तर त्यात बेकायदा काही नाही, पण ते विकत घेण्याची गरजही नाही.

या फाईली मराठी विकिस्रोतावर, ई-साहित्य प्रतिष्ठानकडे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. विकिस्रोतावरून उतरवताना ईपब निवडायचं, पीडीएफ नाही. ईपबमध्ये मजकूर वाहता असतो, अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने लागतात.

इथेच पहिली ठेच लागते. लोक यूएसबीची वायर जोडून ईपब फाईल यंत्राच्या फोल्डरमध्ये टाकतात आणि ती यादीत दिसत नाही म्हणून यंत्राला शिव्या देतात. पेपरव्हाइट थेट टाकलेलं ईपब उघडत नाही. दोन मार्ग आहेत. एक, अमेझॉनचं ‘सेंड टू किंडल’. वेबपानावरून २०० एमबीपर्यंतची, ईमेलने ५० एमबीपर्यंतची फाईल जाते आणि पलीकडे तिचं रूपांतर होऊन ती वायफायने यंत्रावर येते. ईमेलने पाठवायचं तर ज्या पत्त्यावरून पाठवणार तो पत्ता खात्याच्या ‘पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज’मध्ये आधी मंजूर करून ठेवावा लागतो. ते राहिलं की मेल हवेत विरतो. दुसरा मार्ग कॅलिबर या फुकट सॉफ्टवेअरचा. कोविद गोयल या भारतीय माणसाने २००६ पासून घडवलेलं हे सॉफ्टवेअर ईपबचं एझेडडब्ल्यू३, म्हणजे किंडलला थेट उघडता येणारी फाईल, करून वायरने चढवतं, अमेझॉनच्या सर्व्हरला न विचारता. मॅकवर हे यंत्र पेनड्राइव्हसारखं आपोआप दिसत नाही, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. विंडोजवर अडचण नाही.

‘सेंड टू किंडल’ने फाईल परत पाठवली, किंवा यंत्रावर अक्षरांऐवजी चौकोन आणि विचित्र खुणा आल्या, तर कारण बहुधा दोनपैकी एक असतं. फाईलमध्ये भाषा लिहिलेली नसते, किंवा मजकूर यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आहे हे नोंदवलेलं नसतं. कॅलिबरमध्ये पुस्तकावर उजवी कळ दाबून ‘एडिट मेटाडेटा’त भाषा मराठी करा. मग ‘कन्व्हर्ट बुक्स’ उघडून आउटपुट पुन्हा ईपबच ठेवा. याच खिडकीत ‘लुक अँड फील’मध्ये फॉन्ट पुस्तकात बसवण्याची जागा आहे. टिरो देवनागरी मराठी किंवा मुक्ता हे मुक्त परवान्याचे फॉन्ट संगणकावर आधी बसवून इथे निवडावेत. टिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत, आणि सलग तीनशे पानं वाचायची तर हा फरक डोळ्यांना जाणवतो. ओळींमधलं किमान अंतर १२० टक्के असतं, ते १४० करा, म्हणजे वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना घासत नाहीत. यंत्रावर पुस्तक उघडल्यावर ‘एए’च्या मेन्यूत ‘पब्लिशर फॉन्ट’ निवडायला विसरू नका, नाहीतर एवढा खटाटोप करूनही यंत्राचाच फॉन्ट दिसेल.

पीडीएफचं दुखणं याहून खोल आहे, आणि ते मराठीचं खास दुखणं आहे. डीआरएम येण्याच्या कितीतरी आधी मराठी छपाईला दुसरं कुलूप लागलं होतं, फॉन्टचं. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रत्येक प्रणालीची आतली अक्षरमांडणी वेगळी. काहींना तर संगणकात डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं यंत्र, खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालूच व्हायचं नाही. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरला देवनागरी युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी एकच अक्षरमांडणी, कधी जमली नाही, त्यामुळे युनिकोड उपलब्ध असूनही अक्षरजुळणीवाले वर्षानुवर्षं याच फॉन्टांवर राहिले. त्या काळातल्या पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर युनिकोड, कचरा आला तर जुना फॉन्ट. कचरा आला तर कॅलिबरने रूपांतर करण्यात वेळ घालवू नका, तोच कचरा मोठ्या अक्षरात मिळेल. पाठ्यपुस्तकातून ‘किती’ कॉपी केल्यावर ‘क ित ी’ आलं तर मात्र फॉन्ट युनिकोड आहे आणि पीडीएफने वेलांट्यांचा क्रम बिघडवला आहे. अशा वेळी प्रकाशकाकडे ईपब मागणं हाच शहाणपणाचा उपाय. ज्यांचं पुस्तक स्वतःच जुन्या फॉन्टात अडकलेलं आहे अशा प्रकाशकांची संख्या मोठी आहे, आणि जुनी चांगली पुस्तकं ई-रूपात न येण्याचं ते एक कारण आहे. फाईल आहे, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर आणि डोंगल दोन्ही गेलं.

जुन्या फॉन्टच्या किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफला वाहता मजकूर हवा असेल तर अक्षर-ओळख करावी लागते. टेसरॅक्ट या अक्षर ओळखणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मराठीचा संच आहे. छोट्या फाईलला गूगल ड्राइव्हही चालतं, पीडीएफ ‘गूगल डॉक्स’ने उघडायची, दोन एमबीच्या आतले तुकडे करून. नंतर घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल, गळलेले अनुस्वार आणि ‘ऱ्य’ ही जागा हाताने तपासावी लागते. दोनशे पानांच्या पुस्तकाला हे काम चिकाटीचं आहे, कुणी सांगितलं की बटण दाबलं की होतं तर विश्वास ठेवू नका.

एवढा उरक नसेल तर के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घ्या. ते अक्षरं ओळखत नाही. पानाचं चित्र शब्दाशब्दांवर कापून अरुंद पडद्याला बेतेल अशा ओळींत पुन्हा मांडतं. फॉन्ट जुना असो की पान स्कॅन केलेलं, त्याला फरक पडत नाही. रुंदी १२६४, उंची १६८० आणि घनता ३०० द्या, हे या पडद्याचे ठिपके. देवनागरीत शब्द शिरोरेषेने जोडलेला असल्यामुळे तो मध्येच तुटत नाही. दोष एकच, पोथीसारखी तिरकी स्कॅन केलेली पानं. ती आधी सरळ केली नाहीत तर वरच्या ओळीच्या वेलांट्या खालच्या ओळीला चिकटून येतात.

कुलूप कसं तोडायचं ते इथे लिहिलेलं नाही. कायदा काय म्हणतो तेवढं सांगतो. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतूची अट त्यात आहे हे महत्त्वाचं, पण तिचा अर्थ लावण्याचं काम वकिलाचं. दृष्टिबाधित वाचकांसाठी वाचता येईल असं रूप तयार करायला कलम ५२ मुभा देतं. त्यांनी किंडलपेक्षा आधी सुगम्य पुस्तकालय या त्यांच्यासाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाकडे वळावं.

एम.एस. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. दुकानातून घेतलेल्या पुस्तकात खुणा केलेला मजकूर बाहेर काढायला प्रकाशकाने घातलेली मर्यादा असते. प्रबंधासाठी भरपूर उतारे टिपले आणि निर्यात करायला गेलं की मर्यादेपलीकडचे उतारे यादीत रिकामे येतात. खुणा पुस्तकात दिसतात, पण हाताने टाइप करण्यावाचून गत्यंतर नसतं. स्वतः चढवलेल्या फाईलला ही आडकाठी नाही. संदर्भासाठी लागणारं पुस्तक शक्यतो कागदावरच घ्यावं.

मग दुसरं काही? अँड्रॉइडवर चालणारी ई-इंक यंत्रं, ओनिक्स बूक्ससारखी, महाग पडतात, पण त्यांच्यावर किंडलचं ॲप, मराठी दुकानांची ॲप आणि कोरीडर हे फुकट वाचन-ॲप हे सगळं एकाच ठिकाणी बसतं. कुलूप तसंच राहतं, फक्त किल्ल्या एका जुडग्यात येतात. वेगवेगळ्या दुकानांतून आधीच बरीच पुस्तकं घेतलेल्यांनी त्यांचा विचार करावा. ज्यांना मुक्त साहित्यच वाचायचं आहे आणि पैसे वाचवायचे आहेत त्यांनी घरच्या टॅबवर लायब्रेरा किंवा कोरीडर टाकून महिनाभर बघावं. रात्री डोळे चुरचुरले तर पेपरव्हाइट आहेच.

जुनं यंत्र घेणार असाल तर हातात घेऊन सेटिंग्जमध्ये आधीच्या मालकाचं नाव दिसतंय का ते पाहा. दिसत असेल तर त्याच्यासमोरच ‘डीरजिस्टर’ करून घ्या आणि आपल्या खात्याने नोंदणी होते की नाही ते तिथेच बघून मग पैसे द्या. चोरीची म्हणून कळवलेली यंत्रं नोंदवलीच जात नाहीत. आपलं यंत्र विकताना किंवा भाचरांना देताना हेच उलटं करायचं. खातं तसंच राहिलं तर दुकानाचं ‘एका टिचकीत खरेदी’ त्यांच्या बोटाखाली आणि बिल तुमच्या कार्डावर.